कोंबड्यांची टोचाटोची व पाळणाराची जबाबदारी

मृगाचा पाऊस पडून सरकी टोबण्याची घाई सुरू झाली, की वर्धा, देवळी, हिंगणघाट या बाजूच्या घरोघर एक तक्रार हटकून ऐकू येते. उन्हाळाभर एका डाल्याखाली नांदलेल्या कोंबड्या एकाएकी एकमेकींच्या जिवावर उठतात. एखादीची पाठ पिसांवाचून उघडी पडते, एखादी रांजणाच्या आड डोके खुपसून उपाशी बसते, आणि एखादी सकाळी मेलेली आढळते. यावर आमच्याकडे तीन उपाय चालतात. मार खाणारी कोंबडी आठवड्याच्या बाजारी विकून टाकावयाची. मारणारीची चोच तापल्या विळ्याने छाटावयाची. किंवा ‘ही जातच खोडकर’ असे म्हणून स्वस्थ बसावयाचे. तिन्ही उपायांत दोष पक्ष्याचा, हे गृहीत धरलेले आहे. आमचे मत याच्या उलट आहे, आणि ते आम्ही आमच्याच घरच्या नुकसानीतून शिकलो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आमच्याकडे अकरा ठेंगण्या कोंबड्यांचा एक लहान कळप होता. यांस बँटम म्हणतात. जावा बेटावरील बांतेन बंदराच्या नावावरून हा शब्द इंग्रजांनी रूढ केला. पक्षी अंगाने लहान, खाणे थोडे, अंडेही लहान, पण खुडूक बसण्यात व पिले सांभाळण्यात तरबेज. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आम्ही एका विक्रेत्याकडून चार महिन्यांच्या चार संकरित तलंगा आणल्या. ‘संध्याकाळी खुराड्यात सरकवून द्या, चार दिवसांत मिसळतील’ असे त्याने सांगितले, व आम्हीही ते मानले. त्याच सुमारास शेजाऱ्यांच्या पेरणीमुळे सारे पक्षी कोंडून ठेवणे भाग पडले. चार फूट रुंद व सहा फूट लांब खुराडे, पंधरा पक्षी, दाण्याचे एक टोपले आणि पाण्याचे एक परळ, असा तो संसार होता.

वाचकांस वाटेल की थोराड तलंगांनी ठेंगण्यांस मारले असेल. आरंभी झाले ते अगदी उलटे. घरच्या जुन्या ठेंगण्यांनी नवख्यांस परळाजवळही येऊ दिले नाही, आणि त्यांतील एक तलंग अन्नपाण्यावाचून गेली. पुढे महिन्याभराने उरलेल्या तिघी अंगाने भरल्या, त्यांस आपल्या बळाची जाणीव झाली, आणि मग त्यांनी उट्टे काढले. दोन ठेंगण्या मेल्या व एकीचा डोळा गेला. सांगण्याचा मुद्दा असा की, अंगाचा आकार हेच काही सर्वस्व नव्हे. जो जागेवर आधीपासून आहे, जो वयाने पोक्त आहे, जो मागे एकदा जिंकलेला आहे, त्याचे पारडे प्रथम जड असते.

कोंबड्यांतील हा मानपानाचा क्रम कोणी कल्पिलेला नाही. नॉर्वे देशातील शेल्डेरुप-एब्बे या गृहस्थास लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. त्या निरीक्षणांवर त्याने १९२१ साली आपला प्रबंध लिहिला, व पुढल्या वर्षी ते संशोधन जर्मन भाषेतील मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कळपातील कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांत एक टोचणारी व दुसरी टोचून घेणारी असते, हे नाते एकदा ठरले की बहुधा कायम राहते, आणि अशा जोड्याजोड्यांनी साऱ्या कळपाची उतरंड रचली जाते, असे त्याने दाखविले. पुढे अमेरिकेत गूल व ॲली या दोघांनी १९४४ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट पुढे मांडली. ज्या कळपांतील पक्षी वरचेवर बदलले जात, म्हणजे ज्यांची उतरंड पुनःपुन्हा मोडली जाई, त्या कळपांतील कोंबड्या स्थिर कळपातील कोंबड्यांपेक्षा अधिक भांडत, कमी खात व कमी अंडी देत. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्या संशोधनाचे सार हेच. उतरंड हा रोग नव्हे. तीमुळेच कळपात शांतता नांदते. मोठी कोंबडी नुसती मान उंचावते, धाकटी बाजूस होते, आणि प्रकरण तेथेच मिटते. आपण दर बाजारास एक कोंबडी विकतो व दुसरी आणतो, तेव्हा ही ठरलेली व्यवस्था आपल्याच हाताने मोडतो.

मग रोग कोणता? येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. मानासाठी मारलेली चोच डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसते. ती एकदाच बसते आणि मार खाणारी पळाली की संपते. पाठीची, शेपटीच्या बुडाची अथवा गुदद्वाराजवळची पिसे उपटणे हा निराळा प्रकार आहे. त्यात राग नसतो. रिकामी, कोंडलेली, अर्धपोटी कोंबडी जमीन उकरावयास मिळत नाही म्हणून शेजारणीचे अंग उकरते. रक्त दिसले की साऱ्याच त्यावर तुटून पडतात. पहिल्या प्रकारात आपण हात घालू नये. दुसऱ्यात घटकाभरही विलंब करू नये.

पावसाळ्यातच हा दुसरा प्रकार का माजतो, हे आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. कपाशीचे बियाणे हल्ली विषारी औषध चोळूनच येते. ते कोंबडीने वेचले तर ती मरते, आणि दुसऱ्याच्या ओळी उकरल्या तर बांधावर भांडण होते. म्हणून मृगापासून आर्द्रा सरेपर्यंत पक्षी कोंडावे लागतात. बाहेर काळ्या जमिनीचा चिखल असतो, तेव्हा धूळस्नानही बंद. धुळीवाचून अंगावर उवा व पिसवा होतात, अंग खाजते, पिसे विस्कटतात आणि विस्कटलेले पीस दुसरीच्या चोचीस आमंत्रण देते. रात्री झोपण्यापुरती दर पक्ष्यास दीड-दोन चौरस फूट जागा पुरते. दिवसभर कोंडावयाचे असता त्याच्या दुपटीहून अधिक पाहिजे. आमच्या खुराड्यात ती दीड फुटाच्या आसपास होती. तेव्हा त्या दोन ठेंगण्यांचा जीव कोणी घेतला याचा हिशेब सोपा आहे.

यंदा आम्ही गोठ्याच्या पडवीस तुऱ्हाट्यांचा कूड घालून जागा वाढविली, आणि आत पऱ्हाट्यांचे दोन भारे आडवे टाकले. हा उपाय फुकटचा असून सर्वांत गुणकारी आहे. मार खाणाऱ्या कोंबडीस दृष्टीआड होण्याची सोय मिळाली की मारणारी तिला विसरते. मोकळ्या चौकोनी जागेत पळणारीस पळावयास ठाव नसतो, म्हणून ती कोपऱ्यात सापडून मरते. दाण्याची टोपली व पाण्याची परळे प्रत्येकी दोन, आणि तीही एकमेकांपासून लांब ठेवावी. एक बलिष्ठ कोंबडी एकाच वेळी दोन ठिकाणी पहारा करू शकत नाही. एका कोपऱ्यात कोरडी राख व माती, आणि तळाशी हातभर जाड तुरीचे कुटार पसरून त्यात मूठभर ज्वारी विखरावी, म्हणजे दिवस उकरण्यात जातो. बसावयाच्या काठ्या एकाच उंचीवर बांधाव्यात. वरची काठी असली की तिच्यासाठी रोज संध्याकाळी दंगा होतो.

खाण्याचेही थोडे सांगितले पाहिजे. नुसत्या ज्वारीवर अंड्यावरची कोंबडी निभत नाही. ज्वारीत प्रथिने शेकडा दहाच्या आसपास असतात, व अंडी देणारीस सुमारे सोळा लागतात. ही तूट भरून काढण्यासाठी ती पिसे खाते. तुरीची चुरी, न बुरसलेली शेंगदाण्याची पेंड आणि थोडे सुकट यांनी ती तूट भरते. मिठाच्या अभावीही टोचाटोची वाढते. मात्र शंभर भाग खाण्यास अर्ध्या भागाहून अधिक मीठ घालू नये, अतिरेक झाल्यास तेच विष होते.

नवीन पक्षी आणण्याची रीत हा विषय आता विशेष महत्त्वाचा झाला आहे, कारण गिरिराज, वनराज यांसारखी पिल्ले गावोगाव मिळू लागली आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज व हैदराबादच्या संशोधन केंद्रातील वनराज या दोन्ही जाती परसात पाळण्यासाठीच तयार केलेल्या आहेत. त्यांस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ती पिल्ले आणल्या दिवशी घरच्या कळपात लोटून देण्याच्या अविचारास. रात्री गुपचूप सरकवून दिले की कोंबड्या ओळखत नाहीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. कोंबडीस अंधारात दिसत नाही, एवढे खरे. पण उजाडताच ती डोके व तुरा पाहून आपली कोण व परकी कोण हे ओळखते, आणि मग रात्रीचे उसने वाढवून फेडते.

आमची माय हयात असता म्हणे, “नवी कोंबडी आनली का आधी डाल्याखाली ठेव, बाकीच्याइले पाहू दे.” आम्ही पुस्तके वाचणाऱ्यांनी तिचे ऐकले असते तर चार पैसे वाचले असते. पहिले दोन-तीन आठवडे नवे पक्षी घराच्या दुसऱ्या बाजूस निराळे ठेवावेत, म्हणजे राणीखेतीसारखा रोग आलाच असेल तर तो तेथेच कळतो. त्यानंतर आठवडाभर अंगणात डाल्याखाली किंवा जाळीआड, जुन्यांच्या डोळ्यांदेखत पण चोचीबाहेर. मग एके दिवशी दोघांसही मोकळ्या, दोघांस अपरिचित अशा जागी सोडावे. एकटी कोंबडी कधीही आणू नये. तिघी-चौघी असल्या म्हणजे मार वाटला जातो. पिल्ले असतील तर ती अंगाने घरच्या पक्ष्यांएवढी झाल्याखेरीज एकत्र करू नयेत. आणि ठेंगण्यांच्या कळपात थोराड जातीचा नर ठेवणे हे तर निव्वळ क्रौर्य होय. त्याच्या भाराने व नखांनी त्यांच्या पाठी सोलून निघतात. ठेंगणा नर मूर्तीने लहान असला तरी शीघ्रकोपी असतो. आठ-दहा माद्यांच्या कळपात एकच नर पुरे. दुसरा ठेवण्याचा मोह कितीही सुंदर तुऱ्यामुळे होवो, तो टाळावा.

चोच छाटण्याविषयी आमचे मत पुष्कळांस रुचणार नाही. मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांत ती छाटतात, मग आपण का नको, असा प्रश्न होतो. त्यांच्याकडे एका छपराखाली हजारो पक्षी असतात, आपल्याकडे पंधरा. चोचीचे टोक नखासारखे निर्जीव नसून त्यात मज्जातंतू असतात. त्या टोकाने कोंबडी दाणा चाचपते. विळ्याने छाटलेल्या कोंबडीस वेदना होतात, तिचे खाणे कमी होते, आणि कोंडमारा तसाच राहिल्यामुळे टोचण्याची कारणेही तशीच राहतात. नॉर्वेने तर १९७४ साली ही रीत कायद्यानेच बंद केली.

तथापि सर्व दोष पाळणाराचाच, असे म्हटले तर तेही अतिशयोक्तीचे होईल. स्वभाव रक्तातूनही उतरतो. अमेरिकेत म्यूर या शास्त्रज्ञाने पैदाशीसाठी एकेक उत्तम कोंबडी न निवडता, ज्या पिंजऱ्यातील सगळ्या कोंबड्या मिळून चांगल्या निघाल्या ते पिंजरे निवडले. अशा कोंबड्यांतील वार्षिक मरतुक थोड्याच पिढ्यांत शेकडा अडुसष्टावरून नवाच्या आत आली. हे काम १९९६ साली प्रसिद्ध झाले. यावरून आम्ही एवढेच घेतो, की जी कोंबडी कळपाची वाताहत करते तिची अंडी, ती कितीही अधिक घालीत असली तरी, उबवावयास ठेवू नयेत.

राहिला प्रश्न अशा दांडगीचा. मार खाणारीस वेगळी काढण्याची आमची जी चाल आहे, ती उलटी आहे. जखम असेल तर तिला काढलेच पाहिजे, हळद-तेलाचा लेप लावावा व ताजे रक्त दिसेनासे होईपर्यंत परत सोडू नये; कारण कोणती, आजारी तर नाही ना, हेही पाहावे, कारण दुखणाईतावर कळप प्रथम उठतो. पण जखम नसता दांडगीसच आठ-दहा दिवस दृष्टीआड ठेवावे. तेवढ्यात उरलेल्यांचा क्रम नव्याने बसतो, आणि परत येते ती पाहुणी होऊन. आमच्याकडील त्या तीन तलंगांपैकी एकीवर हा प्रयोग दोनदा केला. पहिल्या वेळी तिसऱ्याच दिवशी सोडली, तो काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या वेळी दहा दिवस ठेवली, तेव्हा ती चौथ्या-पाचव्या पायरीवर येऊन स्थिरावली.

इतकी यातायात कोण करील, असे म्हणणारे आहेत. परंतु आमच्याकडे अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बायकांच्या हाती असतो, व मीठमिरची आणि मुलांच्या वह्या त्यातून येतात. एक डोळा गेलेली ती ठेंगणी आमच्याकडे अजून आहे. तिला विकावे असा सल्ला पुष्कळांनी दिला. घरातून नकार आला. पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागे तिने आपली जागा करून घेतली, आणि यंदा श्रावणात ती नऊ अंड्यांवर बसून सात पिले घेऊन उठली. पिले असेपर्यंत तर त्या थोराड तिघीही तिच्या वाटेस गेल्या नाहीत.