झोपेच्या गोळीचा हिशोब

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला आणि सोयाबीन पाण्यात गेले. पंचनामे, याद्या, ई-केवायसी यावर पुष्कळ लिहून आले. पण नुकसान झालेल्या घरात रात्री काय चालते, यावर फारसे कोणी बोलत नाही. माणूस छताकडे बघत पडतो. छातीत धडधडते, हातापायाला घाम सुटतो. मग कोणीतरी सांगतो, ‘अहो, मेडिकलवर झोपेची गोळी मिळते, अर्धी घ्या, निवांत झोपा.’

मी कृषी खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी हा विषय घेतो, कारण सिद्धेश्वर परिसरात बांधावर गेलो की पिकाच्या रोगाआधी झोपेचीच तक्रार कानावर येते. शिवाय औषधाची मात्रा, लेबल आणि फवारणीनंतरचा थांबण्याचा काळ आपण शेतीत पाळतो. तोच नियम पोटात जाणाऱ्या औषधाला का नको?

‘झोपेची गोळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या खरे तर चिंता, घबराट कमी करणाऱ्या असतात. अल्प्राझोलम, डायझेपाम (जुनी माणसं ‘काम्पोज’ म्हणतात ती), लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यातली नावे. मेंदूचा वेग कमी करणे हे त्यांचे काम. तासाभरात बरे वाटते, आणि तीच त्यांची खोच आहे. झटपट बरे वाटते म्हणून माणूस ती सोडत नाही. काही आठवड्यांत शरीर सरावते, अर्धीवर भागत होते तिथे एक लागते, एकीवर भागत होते तिथे दोन. म्हणूनच डॉक्टर या गोळ्या सहसा थोड्या दिवसांसाठी, दोन ते चार आठवड्यांपुरत्या देतात. जास्त दिवस द्यायच्या झाल्या तर रुग्णाला वेळोवेळी बोलावून बघतात.

आता उलटी बाजू. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर झोप पार उडते, हात थरथरतात, भास होतात आणि काहींना झटकेही येतात. ‘सवय लागली, आजपासून बंद’ असे शपथ घालून करू नये. डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे पायरी-पायरीने कमी करावी लागते.

हे ऐकीव नाही. नांदेडची हद्द ओलांडली की निजामाबाद. तिकडे ताडीत अल्प्राझोलम, डायझेपामसारखी द्रव्ये मिसळण्याचा धंदा जुना आहे. २०१५ मध्ये तेलंगणात त्यावर कारवाई झाली, ताडी अचानक बंद पडली, आणि निजामाबाद भागात रोज पिणारी माणसे थरथर, बडबड, झटके अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात दाखल झाली. ती फक्त ताडीची तलफ नव्हती, गोळीची सवय सुटत होती. पुढे जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीची ताडी पिऊन माणसे दगावली, तपासणीत अल्प्राझोलम सापडले. कामाला किंवा पाहुण्यांकडे तिकडे जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

दारू आणि ही गोळी एकत्र घेणे सर्वांत धोक्याचे. दोन्ही श्वास मंद करतात. ‘थोडी घेतली, वर अर्धी गोळी टाकली’ असे करून झोपलेला माणूस सकाळी उठेलच याची खात्री नाही. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनचे खोकल्याचे औषध यांच्याबरोबरही तेच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पोटदुखी, गॅसवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड मिसळलेले असते, तेही याच कुळातले. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. दारू घेत असाल तर तेही सांगा, तिथे लाज कामाची नाही.

शेतकऱ्याला वेगळी काळजी आहे. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळपर्यंत राहते. डायझेपामचा अंमल तर एक-दोन दिवस रेंगाळतो. त्या अवस्थेत ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी, विहिरीवरची मोटार, हळद शिजवायचा बॉयलर, यांच्याजवळ जाऊ नये. फवारणीही दुसऱ्याला सांगावी. म्हाताऱ्या माणसाचा रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि दमा, यकृताचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला आधी सांगितल्याशिवाय गोळी घेऊच नये. एकाची गोळी दुसऱ्याने घेणे म्हणजे कपाशीचे औषध भाजीवर मारण्यासारखे आहे.

कायदा काय म्हणतो? अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. पाकिटावर लाल अक्षरात ‘आरएक्स’ आणि लाल चौकटीत इशारा असतो. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण आणि औषध यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची, ती तीन वर्षे जपायची. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नका, तो बरोबर वागतो आहे. चिठ्ठी न मागता हातावर गोळी ठेवणाऱ्यापासून मात्र जपा.

गोळीने कर्ज फिटत नाही आणि उदासीही जात नाही. मन सतत खचलेले असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याची औषधे वेगळी. ती लागू व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून पुन्हा झोपेच्या गोळीकडे वळणारे पुष्कळ आहेत. शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता. २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. समोरासमोर दाखवायचे असेल तर हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक (आमची नावे बदलली, कामे तीच) आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. पंचनाम्याला गेल्यावर बाधित क्षेत्र लिहिताना ‘झोप लागते का, जेवण जाते का’ एवढे विचारा. उत्तर अडखळले तर आशाताईंना कळवा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केसची भीती घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे, त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत.

कोणी जास्त गोळ्या घेतल्या, हाक मारून उठत नाही, श्वास संथ झाला, तर १०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. रिकामे पाकीट सोबत द्या, डॉक्टरला त्यावरून कळते.

घरात या गोळ्या असतील तर कोनाड्यात, देवघरात किंवा उशाखाली ठेवू नका. पेटीत कुलूप लावून ठेवाव्या, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी, आणि कीटकनाशकाच्या डब्यांनाही तसेच वेगळे कुलूप असावे.