जुन्या यंत्राची राखण

गौतमपुऱ्याहून एका वाचक गृहस्थांचे पत्र आले आहे. विंडोज एक्सपीवर चालणारा वीस वर्षांपूर्वीचा संगणक त्यांनी जपून ठेवला असून, त्यांच्या दिवंगत वडिलांनी टंकलिखित केलेली वंशावळ त्यातच आहे. नातू म्हणतो, इंटरनेटला जोडा, इतक्या जुन्या यंत्राच्या वाटेला कोण जाणार? चिरंजीव म्हणतात, भंगारात द्या. कोणाचे ऐकावे?

आमच्या मते, दोघांचेही नव्हे.

नातवाचे म्हणणे जुन्या संगणकांचे शौकीनही हिरिरीने मांडतात, आणि ते अगदीच निराधार नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती. एक्सपीवर तो पसरण्याऐवजी बहुधा यंत्रच बंद पडे. परंतु हे त्या विषाणूचे अपुरेपण होते, एक्सपीची तटबंदी नव्हे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची नित्याची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. पुढे सापडलेली भगदाडे, क्वचित अपवाद वगळता, उघडीच राहिली. रिझर्व्ह बँकेने एक्सपीवरील एटीएम यंत्रे जून २०१९ पर्यंत बदलण्यास बँकांना फर्माविले, ते उगीच नव्हे.

अर्थात नव्यानेही फार ऐटीत राहू नये. जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम 'नॉटपेट्या'ने ठप्प केले. हा विषाणू मुळात युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतूनच शिरला होता, आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या बळावर डागडुजी केलेल्या यंत्रांतही पसरत होता. हिंगोटाच्या मैदानात उतरणाऱ्याने ढाल जुनी की नवी याचा विचार करावा. घरी बसलेल्याला तो प्रश्नच पडत नाही. तेव्हा एक्सपी घरीच बसू द्यावा.

भंगाराची घाई मात्र मुळीच नको. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट हरवला की पूर्वजांच्या नावांऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. म्हणून प्रथम वंशावळ कागदावर छापून घ्यावी. मग मूळ फाइल व तो फाँट, दोन्ही कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवावीत, नव्या संगणकावर विषाणूंची तपासणी करूनच उघडावीत आणि मजकूर युनिकोडमध्ये आणावा. त्यानंतर छापील प्रत शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहावे. रफार व ऱ्हस्व इकार या रूपांतरात हमखास जागा सोडतात, आणि पणजोबा 'हरि'चे 'हिर' झालेले घरात कोणालाच रुचणार नाही.