गाडी उन्हात पाहूनच ताब्यात घ्या

शिवाजी उद्यमनगरच्या कारागिरांनी कोल्हापूरला नाव मिळवून दिले. ते टिकवायचे तर डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी गिऱ्हाइकाने तपासून घ्यावी आणि गॅरेजवाल्याने ती स्वतः दाखवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्री ट्यूबलाइटखाली सगळेच रंग जुळतात. म्हणून गाडी दिवसा, धुऊन, उन्हात पाहावी. दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटी सारख्या आहेत का, दार जोर न लावता बसते का, रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, हे पाहावे. पत्र्याला चुंबक लावावे. ते नीट धरत नसेल तर तेथे लांबीचा जाड थर असण्याची शक्यता असते, त्याबद्दल विचारावे. प्लास्टिकच्या बंपरला मात्र ही कसोटी लागू नाही. शेवटी दारे-काचा बंद करून पाइपने पाणी मारावे आणि आतले मॅट उचलून ओल चाचपावी. २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना, मुरलेले पाणी पत्रा कसा खाते हे सांगायला नको.

काही कारागिरांना अशी तपासणी अपमानाची वाटते. आमच्या मते ती त्यांच्याच हिताची आहे. सोनार गिऱ्हाइकासमोरच वजन करतो, त्यात त्याचा कमीपणा नसतो. बदललेले जुने भाग दाखवावेत, मजुरी व सामान वेगळे लिहून पक्के बिल द्यावे. सदोष कामाबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. पण ती वेळच येऊ नये. गिऱ्हाईक विश्वासाने परत येते, त्यातच धंद्याची बरकत आहे.