ऑपरेशनच्या पट्टीला फास्टॅगसारखा टॅग : यंत्र येईल तेव्हा येईल, मोजणी आजच हवी

मेडशी (ता. मालेगाव) : अकोला-वाशिम महामार्गावरच्या गाड्यांच्या काचेला फास्टॅग चिकटवलेला असतो, हे पोराटोरांनाही माहीत आहे. फेब्रुवारी 2021 पासून तो सक्तीचा झाला. टोलनाक्यावरचं यंत्र रेडिओ लहरी सोडतं अन् टॅग आपला नंबर सांगतो. टॅगमध्ये बॅटरी नसते. हेच तंत्र परदेशातल्या काही दवाखान्यांत ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलं आहे.

ऑपरेशन करताना रक्त टिपायला कापडी पट्ट्या लागतात, त्यांना मॉप म्हणतात. या पट्टीतच बारीक टॅग बसवतात. टाके घालायच्या आधी पेशंटच्या अंगावरून यंत्र फिरवलं की आत पट्टी राहिली असेल तर लगेच कळतं. अमेरिकेतल्या स्टॅनफोर्डच्या डॉक्टरांनी 8 पेशंटवर घेतलेली चाचणी 2006 साली छापून आली. लपवलेली प्रत्येक पट्टी यंत्रानं शोधली.

याचा आपल्या गावाशी काय संबंध? संबंध आहे. जुलै 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात बाळंतीण बाईचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. ताप उतरेना, पोट दुखायचं थांबेना. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत मॉप निघाला. बाई वाचली नाही. 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 1996 मध्ये 36,000 रुपये भरपाई कायम केली. तोवर जवळपास 33 वर्षं गेली होती. पण कोर्टानं एक गोष्ट पक्की केली : पोटात कापड सापडलं की निष्काळजीपणा उघडच आहे, अन् दवाखाना सरकारी असला तरी शासनाला हात झटकता येत नाहीत.

मोजत नाहीत म्हणून असं होतं का? तसंही नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी हे डॉ. अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव. अमेरिकेत सर्जन असलेल्या गावंडे यांनी 2003 मध्ये अशा 54 पेशंटचा अभ्यास मांडला. जिथं मोजणी झाली होती, त्यातल्या 88 टक्के वेळा 'मोजणी बरोबर' असंच धरलं गेलं होतं. तातडीच्या ऑपरेशनमध्ये धोका 9 पट निघाला. रक्तानं भिजलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, घाई असते, माणूस थकतो. यंत्र थकत नाही, हा त्याचा फायदा.

पण यंत्रालाही मर्यादा आहे. टॅग नसलेली पट्टी त्याला दिसत नाही. शिवाय प्रत्येक पट्टीमागं खर्च वाढतो. जिथं सलाईनसुद्धा बाहेरून आणायला सांगतात, तिथं हे यंत्र उद्या येईल असं धरून चालू नये.

मोजणीला मात्र पैसा लागत नाही. बाजार समितीत पोती हमालही मोजतो अन् आपणही मोजतो, तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या यादीत पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी पट्ट्या, सुया, हत्यारं मोजून मोठ्यानं सांगायला सांगितलं आहे. ही यादी करण्यात गावंडे हेच पुढं होते. दोघांनी मोजायचं, फळ्यावर लिहायचं, आकडा जुळला नाही तर टाके घालायच्या आधी शोधायचं.

मग आपण काय करायचं? संमतीच्या कागदावर सही करताना डॉक्टरसाहेबांना किंवा सिस्टरला सरळ विचारा, "मोजणी कोण करतं, कागदावर लिहिता का?" यात कोणाचा अपमान नाही. ऑपरेशननंतर ताप हटत नसेल, पोट फुगत असेल, जखमेतून पू येत असेल तर अंगारे-धुपारे करत बसू नका, दवाखान्यात जा. सोनोग्राफी किंवा एक्स-रे लागेल का, ते विचारा. चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. साध्या पट्टीत तो नसतो, म्हणून एक्स-रे कोरा आला तरी त्रास असेल तर पाठपुरावा सोडू नका.

अन् डिस्चार्ज कार्ड सातबाऱ्यासारखं जपून ठेवा. पुढं प्रश्न आला तर तोच पुरावा.