राणी म्हणजे राजाची बायकोच का?



तिसरीला 'लिंग बदला' घेताना राजा–राणी आलं की मी पटकन सांगून मोकळी व्हायचे. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, राणी म्हणजे राजाची बायकोच ना?" मी "हो" म्हटलं आणि पुढच्या जोडीकडे वळले. ते 'हो' मला नंतर बोचत राहिलं.

आता डेन्मार्कचं उदाहरण बघा. डॅनिश भाषेत राजाला 'कॉंगे' आणि राणीला 'ड्रॉनिंग' म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांपासून तयार झालेलेच नाहीत! 'कॉंगे' आणि इंग्रजीतला 'किंग' हे भाऊभाऊ. त्यांचं मूळ 'कुळ' या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दात आहे, आणि त्याचं नातं आपल्या 'जन', 'जन्म'शी लागतं. 'ड्रॉनिंग' मात्र जुन्या नॉर्स भाषेतल्या 'ड्रोटनिंग'वरून आला. 'ड्रोट' म्हणजे सरदाराभोवतीचं योद्ध्यांचं पथक, 'ड्रोटिन' म्हणजे त्यांचा धनी आणि 'ड्रोटनिंग' म्हणजे धनीण, स्वामिनी. गंमत म्हणजे धन्याचा तो शब्द रोजच्या बोलण्यातून गेला, धनिणीचा मात्र टिकला.

दुसऱ्या मार्गारेट १९७२ ते २०२४ अशी ५२ वर्षं डेन्मार्कच्या गादीवर होत्या. त्या 'ड्रॉनिंग' होत्या, पण त्यांचे पती कधीच 'कॉंगे' झाले नाहीत. आज राजाच्या पत्नीलाही 'ड्रॉनिंग'च म्हणतात. म्हणजे शब्द एक, पण अर्थ दोन.

आपल्याकडेही तेच आहे. 'राणी' हा शब्द 'राज्ञी'पासून आला, आणि 'राज्ञी' हे 'राजन्'चं स्त्रीलिंगी रूप. राज्य करणारीही राणी आणि राजाची बायकोही राणीच. मामा–मामीमध्ये नातं लग्नाचं असतं. पण शिक्षक–शिक्षिका? मी शिक्षिका आहे ती डी.एड. करून, कुणा शिक्षकाशी लग्न करून नव्हे!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, 'लिंग बदला' नुसतं पाठ करून घेऊ नका. फळ्यावर दोन रकाने करा, 'लग्नाने मिळालेलं' आणि 'स्वतःचं'. प्रत्येक जोडी कुठे बसते ते मुलांनाच ठरवू द्या. 'राणी'वर वाद होईल, तो होऊ द्या. पालकहो, घरीही हा खेळ घेता येईल.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "काल मी अर्धंच उत्तर दिलं होतं गं." ती म्हणाली, "मग मी दुसऱ्या रकान्यातली राणी होणार."