इन्शुलिन स्नायूपर्यंत पोचते का?

मधुमेहाच्या बहुतेक शिबिरांत एक तक्ता लावलेला असतो. त्यात पेशीला कुलूप असते, इन्शुलिन ही किल्ली असते आणि कुलूप गंजले की किल्ली फिरत नाही. याचेच नाव इन्शुलिन रेझिस्टन्स. तक्त्याच्या तळाशी डोळा, मूत्रपिंड आणि पाऊल काढलेले असते, कारण रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणजे आजार पेशीत सुरू होतो आणि बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन संपतो. हा क्रम अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अपुरा राहिल्यामुळेच आहाराचे सल्लेही एकांगी होतात.

तक्त्याच्या बाजूचे बळ आधी मान्य करतो. स्नायूच्या पेशीत चरबी साठली की इन्शुलिनचा संदेश आतल्या आत अडतो, हे सिद्ध आहे. चढ्या साखरेने नेत्रपटल आणि मूत्रपिंड यांची हानी होते, हेही सिद्ध आहे. प्रश्न वेगळाच आहे: किल्ली दारापर्यंत पोचली का?

रक्तात सुटलेले इन्शुलिन स्नायूला आपोआप मिळत नाही. केशवाहिनीचे अस्तर ओलांडून ते पेशींभोवतीच्या द्रवात उतरावे लागते. रिचर्ड बर्गमन यांच्या गटाने 1989 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले की, शरीर ग्लुकोज किती वेगाने उचलते याचा मेळ रक्तातल्या इन्शुलिनपेक्षा, पेशींभोवतीच्या याच द्रवातून बनणाऱ्या लसिकेतल्या इन्शुलिनशी जास्त बसतो. शिवाय ही वाट इन्शुलिन स्वतःच मोकळी करते. ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर काम करते, अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, सूक्ष्म धमन्या सैल पडतात आणि स्नायूतल्या केशवाहिन्यांत जास्त रक्त खेळू लागते. ही क्रिया रोखली तर इन्शुलिनमुळे स्नायूत जाणारे ग्लुकोज सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. एवढा मोठा वाटा तक्त्यात कुठेच नाही.

डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांना 1920 साली नोबेल मिळाले ते केशवाहिन्यांतला प्रवाह गरजेप्रमाणे कसा नियंत्रित होतो, हे उलगडल्याबद्दल. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. 1922 साली क्रो दांपत्य अमेरिकेत असताना टोरांटोच्या नव्या औषधाची बातमी त्यांना कळली. क्रो तिकडे गेले आणि इन्शुलिन तयार करण्याची परवानगी घेऊन मायदेशी परतले. केशवाहिन्या आणि इन्शुलिन हे दोन विषय एकाच माणसाच्या हातून गेले, तरी शंभर वर्षांनंतरही आपण ते दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो, याचे मला वाईट वाटते. गरज पडली की बंद केशवाहिन्या उघडतात, या क्रो यांच्या कल्पनेवर पुढे वाद झाला. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांत रक्त वाहतच असते, नव्या उघडत नाहीत, असे काही शरीरशास्त्रज्ञ म्हणतात. ते खरे धरले तरी वाढतो तो प्रवाह आणि त्याबरोबर पोचणारे इन्शुलिन. मूळ मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

खरा आक्षेप दुसरा आहे. पेशी आधी बिघडते, रक्तवाहिनी तिच्यामागून, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या संशोधकांनी 2013 साली दिले. त्यांनी उंदरांच्या खाद्यातली चरबी 4.8 टक्क्यांवरून 9 टक्के केली, आणि तीही फक्त चार आठवडे. जिवंत उंदरात इन्शुलिनला मिळणारा स्नायूचा प्रतिसाद घसरला. पण त्याच उंदरांचा मागचा पाय वेगळा करून त्यातून ठरावीक वेगाने इन्शुलिनयुक्त द्रव पंपाने फिरवला, तेव्हा स्नायूने ग्लुकोज नीट उचलले. पेशी शाबूत होती, बिघडला होता तो पुरवठा. टोकियोच्या गटाने 2011 साली उलट बाजूने हेच दाखवले होते. इन्शुलिनचा संदेश पुढे नेणारे एक प्रथिन त्यांनी केवळ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून काढून टाकले, तर स्नायूला ग्लुकोज कमी मिळू लागले.

उंदरांवरून माणसाचे ठरवू नये, हे बरोबर. म्हणून माणसाकडे येऊ. निरोगी माणसाच्या शिरेतून मेदाचे द्रावण सोडून रक्तातली मुक्त मेदाम्ले वाढवली की, केशवाहिन्यांवरचा इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. स्थूल माणसांत तो मुळातच मंद आढळतो. आणि 2002 साली अमेरिकेतल्या एआरआयसी या मोठ्या पाहणीतून असे पुढे आले की, मधुमेह नसलेल्या ज्या मध्यमवयीन लोकांच्या नेत्रपटलातल्या सूक्ष्म धमन्या अरुंद होत्या, त्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण जास्त होते. एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण ‘रक्तवाहिन्या शेवटी’ हा क्रम मात्र डळमळतो.

आता ताटाकडे. दिवसातून दोनदाच जेवा म्हणजे इन्शुलिन दोनदाच सुटेल, हा हिशेब महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्याने अनेकांचे मधले चहा-बिस्किट सुटले, हे चांगलेच झाले. पण इन्शुलिन किती वेळा सुटले एवढेच मोजले, तर सुटलेले इन्शुलिन पोचले का हा प्रश्न राहून जातो. दुसरे टोक म्हणजे साखर-भात सोडा आणि तूप, लोणी, चीज हवे तेवढे खा, हा सल्ला. मेदाम्लांचा पुरावा वर दिला आहे. तो वाचूनही चरबीला सरसकट निर्दोष ठरवणे मला बेजबाबदार वाटते. आणि साखरही निर्दोष नाही. ऑस्ट्रेलियातल्याच 2018 च्या एका अभ्यासात निरोगी लोकांना मिश्र जेवण दिले, तेव्हा स्नायूतला सूक्ष्म रक्तप्रवाह वाढला. नुसते ग्लुकोजचे पाणी पाजले, तेव्हा तो घटला. पदार्थ कोणाच्या सोबतीने पोटात जातो याला महत्त्व आहे. म्हणूनच भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असे एकत्र जेवण मला सुट्या गोड पेयापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे छायाचित्र पाहावे. 2004 साली लॅन्सेटमध्ये ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे दिसले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. मेदाम्लांचा मारा रक्तवाहिन्यांवर होतो की नाही, हे नुसत्या वजनकाट्यावरून कळणार नाही.

मग रक्तवाहिन्या सैल करणारे काहीतरी प्यावे, असाही एक शॉर्टकट निघाला आहे. बीटच्या रसातले नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, हे खरे. पण 2013 साली इंग्लंडमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 27 रुग्णांना दोन आठवडे रोज तो रस देऊन पाहिला, तर ना रक्तदाब सुधारला, ना अस्तराचे काम, ना इन्शुलिनची संवेदनशीलता. रसाचा ग्लास वाढवण्यापेक्षा काय काढायचे ते आधी ठरवावे. सकाळी उपाशीपोटी साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी या जोडीत साखर, मैदा आणि वनस्पती तूप तिन्ही एकदम येतात. आहाराच्या तक्त्यातून पहिल्यांदा ही जोडी खोडावी, भाताची वाटी त्यानंतर मोजावी.