‘एसओएस’ म्हणजे संकट नव्हे!

घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरांची चिठ्ठी कुणाच्या हातात येते? आपल्याच! “बघ गं, तुला इंग्रजी येतं ना!”

माझ्याही हातात आली. आजीच्या गुडघेदुखीच्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलं होतं. मी ठामपणे सांगितलं, “अगदी इमर्जन्सी आली तरच घ्यायची.” आजीने तीन रात्री कळा सोसल्या. शेवटी मेडिकलवाल्या काकांनी सांगितलं, एसओएस म्हणजे ‘गरज लागली तर’. दुखलं तर घ्यायची, फक्त दिवसाला किती चालतात ते डॉक्टरांना विचारून.

ऑगस्ट २०२५मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटलं, की वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या हक्काचा भाग आहे. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हा नियम तर २०१६पासूनच आहे. छानच! पण आजीची चिठ्ठी छापील होती. अक्षर स्पष्ट होतं, अडलं ते अर्थापाशी. वाचता येणं आणि कळणं यात फरक आहे, आणि कोर्टाचा आदेश पहिल्यापर्यंतच पोहोचतो.

तोवर एवढं पाठ करा. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना. ‘एसी’ जेवणाआधी, ‘पीसी’ जेवणानंतर. यातल्या बहुतेक खुणा लॅटिनमधून आल्यात, म्हणून इंग्रजी येऊनही उपयोग होत नाही.

रिपोर्टमध्येही गंमत आहेच. ‘ॲक्यूट’ म्हणजे गंभीर असं नाही, तर अचानक सुरू झालेला आजार. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा. ‘बिनाइन’ गाठ म्हणजे कॅन्सरची नसलेली. आणि जेनेरिक नाव वाचाच. क्रोसिन आणि डोलो, दोन्ही पॅरासिटामॉलच! वेगळी समजून दोन्ही घेतली तर डोस दुप्पट होतो, आणि प्रमाणाबाहेर गेला तर यकृताला इजा.

पुढच्या वेळी दवाखान्यातून निघण्याआधी विचारा, “ही गोळी कशासाठी? कधी आणि किती दिवस?” रांग मोठी असेल, डॉक्टर घाईत असतील, तरी विचारा. मी आता आजीच्या प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून ठेवते. अंदाजाने नाही, विचारून.